फ्लॅशनं बाळाचे डोळे जातात का?

प्रश्न : माझी लेक पहिल्या बाळंतपणाला घोटीला माहेरी आली आहे. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, वजन सोळाशे ग्रॅम भरलं, म्हणून तीन आठवडे काचेत ठेवावं लागलं. आता घरी आहे, अंगानं भरतंय. सव्वा महिन्याचा झाल्यावर आम्ही त्याचं बारसं केलं. जावयांनी नाशिकहून फोटोग्राफर आणला होता. बाहेर धो धो पाऊस, घरात दिवसाही दिवा लावावा लागतो, त्यामुळे तो फ्लॅश मारायला लागला. दोन फोटो होतात न होतात तोच माझ्या सासूबाईंनी पाळण्यावर पदर धरला. "लेकराचे डोळे जातील," म्हणाल्या आणि फोटो तिथंच थांबले. लेक म्हणते, काही होत नसतं. सासूबाई म्हणतात, मग काचेत असताना त्याच्या डोळ्यांवर पट्टी कशाला बांधली होती? मला दोघींचंही पटतं. खरं काय ते सांगा.
– एक आजी, घोटी (ता. इगतपुरी, जि. नाशिक)

उत्तर : आजी, फ्लॅशनं बाळाचे डोळे जात नाहीत. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचेही जात नाहीत. तुमच्या लेकीचं बरोबर आहे. पण पणजीबाईंनी काढलेला पट्टीचा मुद्दा इतका नेमका आहे की त्याला बगल देऊन पुढं जाता येणार नाही. शिवाय तुमच्या पत्रात एक वाक्य असं होतं की ते वाचल्यावर उत्तर लिहायला बसण्याआधी मी तुम्हाला फोन केला. त्याबद्दल तुमच्या परवानगीनं खाली लिहितो आहे, कारण ते फ्लॅशपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

आधी पट्टी. नवजात बाळाचं, विशेषतः कमी दिवसांच्या बाळाचं, यकृत अजून पुरतं कामाला लागलेलं नसतं. रक्तात बिलिरुबिन साठतं आणि बाळ पिवळं दिसू लागतं. अशा बाळाला उघड्या अंगानं निळ्या दिव्याखाली ठेवतात. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या या उजेडानं कातडीतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. हा दिवा बाळाच्या अगदी जवळ असतो आणि तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस, चालू असतो. निळा उजेड डोळ्याच्या पडद्यावर इतका वेळ पडत राहिला तर पडद्यातल्या पेशींना इजा होण्याची भीती असते. म्हणून पट्टी. पणजीबाईंनी पट्टी पाहून उजेडाला घाबरावं यात काहीच चूक नाही. फक्त तिथं उजेडाचा जोर आणि त्याचा वेळ, दोन्ही एकत्र आलेले असतात.

फ्लॅशमध्ये जोर असतो, वेळ नसतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात संपतो. पापणी लवायलाच त्याच्या निदान शंभरपट वेळ लागतो. मोबाइलमधला एलईडीचा फ्लॅश थोडा जास्त वेळ पेटलेला राहतो, पण त्याचा जोर कॅमेऱ्याच्या फ्लॅशपुढं अगदीच कमी. उजेडानं पडदा बिघडतो तो दोन तऱ्हांनी: एक तर उजेड एका बारीक ठिपक्यावर एकवटून तिथं उष्णता साठते, नाहीतर पडद्यात हळूहळू रासायनिक बदल होतात आणि त्यांना बराच वेळ लागतो. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांचे डोळे बिघडतात, कारण ते सूर्याकडं टक लावून बसतात. फ्लॅशचा उजेड पसरट असतो, बाळापर्यंत पोचेतो आणखी पसरतो आणि क्षणात विझतो. अंतर दुप्पट केलं की तो चौथ्या हिश्शावर येतो. डोळ्यांपुढं काही वेळ काजवे चमकतात, तुमच्याआमच्याही चमकतात. तो पडद्यातल्या रंगद्रव्याचा तेवढ्यापुरता परिणाम. थोड्या वेळात ते पूर्ववत होतं.

बाळ दचकतं, ते मात्र खरं. दोन्ही हात फाकतं, तोंड वेडंवाकडं करतं, रडतं. अचानक भांडं पडलं तरी ते तसंच करतं. त्याला त्रास झाला हे खरं, इजा झाली असं नाही. आणि दचकणाऱ्या बाळाला सतत दचकवू नये, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

ही भीती केवळ आपल्या घरांतली नाही. २०१५ मध्ये चीनमधली एक बातमी जगभर फिरली होती: तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो पाहुण्यानं अगदी जवळून काढला, फ्लॅश बंद करायला विसरला आणि बाळाचा एक डोळा गेला. अजूनही मोबाइलवर ती मधूनमधून येते. बातमी आल्याबरोबर देशोदेशीच्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं की फ्लॅशनं असं होऊ शकत नाही. डोळ्यात आधीच काही दोष असणार, आणि घरच्यांचं लक्ष फोटोच्या निमित्तानं तिकडं गेलं असणार. हे निमित्तानं लक्ष जाणं पुढं पुन्हा येणार आहे.

जुन्या माणसांच्या मनात फ्लॅशची धास्ती असण्याला आणखी एक कारण आहे. पूर्वीचा फ्लॅश खरोखर धोक्याचा होता. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची पूड मिसळून फ्लॅशची भुकटी तयार झाली. ती पेटवली की मोठा भपका उडे, धूर होई, फोटोग्राफरचे हात भाजत, कधी आगही लागे. पुढं काचेचे फ्लॅशबल्ब आले, तेही तापत आणि कधी तडकत. त्याआधी तर कॅमेऱ्याचंच भय होतं. तुमच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडं वळण्याआधी फोटोग्राफीचा धंदा करत होते. बडोद्यात त्यांचा हा धंदा चालेना, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य घटतं, असा लोकांचा समज होता, हे त्यांच्या चरित्रात येतं. पणजीबाईंनी पदर धरला त्यामागं अशी चार पिढ्यांची काळजी आहे. त्यांना कुणी हसू नये.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य: दिवस भरायच्या आधी झालं, सोळाशे ग्रॅम, तीन आठवडे काचेत.

मी फोनवर तुम्हाला विचारलं की बाळाच्या डोळ्याचा पडदा तपासला का. तुम्ही म्हणालात, डोळे छान आहेत, दिव्याकडं बघतो, चिपडंही येत नाहीत. मग मी दवाखान्यातून घरी सोडताना दिलेला कागद काढायला सांगितलं. तो लेकीनं लसीकरणाच्या कार्डात घडी करून ठेवला होता. तिनं वाचून दाखवला: जन्म ३२ आठवड्यांना, वजन १६०० ग्रॅम, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत इंग्रजी अक्षरांत 'आरओपी' आणि पुढं एक तारीख. ती तारीख उलटून गेली होती. पाऊस, बारशाची गडबड आणि ती तीन अक्षरं कुणाला न कळणं, यात ते राहून गेलं. दुसऱ्याच दिवशी तुम्ही बाळाला घेऊन गेलात. पडद्याची वाढ अजून पुरी झालेली नाही, आज उपचाराची गरज नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आजी, ते 'पुन्हा आणा' तितक्याच निश्चयानं पाळा. पाऊस असला तरी, बाळ हसत-खेळत असलं तरी.

आरओपी म्हणजे काय, ते सगळ्याच वाचकांसाठी सांगतो. डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बाळ पोटात असतानाच वाढतात. त्या पडद्याच्या मागच्या भागातून निघून कडांकडं सरकत जातात आणि जवळपास नऊ महिने भरताना कडेपर्यंत पोचतात. बाळ आधीच जन्मलं तर हे काम अर्ध्यावर थांबतं. मग उरलेल्या भागाला रक्त कमी पडतं, आणि शरीर घाईनं नव्या, कच्च्या, वेड्यावाकड्या वाहिन्या काढायला लागतं. जन्मानंतर दिलेला प्राणवायू प्रमाणाबाहेर गेला तर हा धोका वाढतो. बऱ्याच बाळांत हे आपोआप निवळतं. काहींत मात्र त्या वाहिन्या पडद्याला ओढू लागतात आणि पडदा सुटतो. एकदा पडदा सुटला की दृष्टी परत मिळवणं फार अवघड. प्रसिद्ध अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर यांची दृष्टी जन्मानंतर याच विकारानं गेली.

यातली जीव कासावीस करणारी गोष्ट ही की बाहेरून काहीच दिसत नाही. डोळा स्वच्छ, टपोरा, काळाभोर. बाळ दिव्याकडं वळतं. आई-आजीला शंका यावी असं काही नसतं, आणि शंका येण्याजोगं काही दिसायला लागतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून तारखेनं तपासावं लागतं. आपल्या देशात नियम असा आहे की ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत एकदा तपासलाच पाहिजे. त्याहून फार लहान बाळांचा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळालाही प्राणवायू बराच लागला असेल किंवा मोठं आजारपण झालं असेल तर तपासायला सांगतात. पाश्चात्त्य देशांत याहून कमी वजनाच्याच बाळांना तपासतात. पण आपल्याकडं थोड्या मोठ्या बाळांतही हा विकार आढळतो, म्हणून आपली मर्यादा सैल ठेवली आहे. वेळेत सापडलं तर पडद्याच्या कडेवर लेझरनं उपचार करतात किंवा डोळ्यात औषधाचं इंजेक्शन देतात. उपचाराची वेळ आली की ते दोन-तीन दिवसांतच करावे लागतात, आठवडाभर थांबता येत नाही.

आणि या तपासणीतच तुमच्या मूळ प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर आहे. बाळाच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करतात, पापण्या एका छोट्या तारेच्या चिमट्यानं उघड्या धरतात, आणि डॉक्टर कपाळावर बांधलेल्या दिव्याचा झोत भिंगातून थेट पडद्यावर टाकून कोपरान्‌कोपरा बघतात. बाहुली ताणलेली, पापणी मिटायची सोय नाही, आणि उजेड एका क्षणाचा नसून मिनिटांचा. असं दर एक-दोन आठवड्यांनी, पडद्याची वाढ पुरी होईपर्यंत. तेही जगातल्या सर्वांत नाजूक डोळ्यांत. इतकंच काय, कर्नाटकात २००८ पासून 'किडरॉप' या उपक्रमात प्रशिक्षित तंत्रज्ञ गावोगावच्या दवाखान्यांत जाऊन कमी दिवसांच्या बाळांच्या पडद्याचे कॅमेऱ्यानं फोटोच काढतात आणि ते दूर बसलेले डॉक्टर तपासतात.

उजेडाचा संशय डॉक्टरांनाही होता बरं का. १९४२ मध्ये अमेरिकेत डॉ. टेरी यांनी हा विकार पहिल्यांदा मांडला, तेव्हा बाळाच्या डोळ्यांवर वेळेआधी पडणारा उजेड हे त्याचं कारण असावं, असं त्यांना वाटलं होतं. हा प्रश्न पन्नासहून अधिक वर्षं लोंबकळत राहिला. शेवटी चारशेवर अतिशय लहान बाळांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या बाळांना जन्मानंतर २४ तासांच्या आत काळा चष्मा लावला, निम्म्यांना नेहमीच्या उजेडात ठेवलं. १९९८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: विकाराचं प्रमाण दोन्हीकडं जवळजवळ सारखंच, ५४ आणि ५८ टक्के. एवढा फरक योगायोगानंही पडतो. म्हणजे खोलीतला उजेड आठवडेच्या आठवडे पडूनही हा विकार त्यानं वाढला नाही. मग बारशातल्या दोन फ्लॅशची काय कथा.

तालुक्यातल्या वाचकांना आणखी एक सांगायचं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला सुरू झाला. त्यात तपासायच्या ३० विकारांत आरओपी आणि जन्मजात मोतीबिंदू हे दोन्ही आहेत. घरी बाळ काचेत राहून आलं असेल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना तसं स्पष्ट सांगा. पुढं कुठं न्यायचं याची वाट तिथून निघते, आणि खर्चाची धास्तीही कमी होते.

आता फ्लॅशची दुसरी बाजू. फ्लॅशच्या फोटोत डोळे लाल येतात आणि आपण फोटो बिघडला म्हणतो. खरं तर तो लाल रंग ही चांगली खूण आहे. उजेड बाहुलीतून आत जातो, रक्तानं भरलेल्या पडद्यामागच्या थरावरून उलटतो आणि त्याच वाटेनं बाहेर येतो. म्हणजे मधली वाट मोकळी आहे. आपल्याकडच्या बाळांत हा रंग जरा गडद, विटकरी दिसतो, तेही ठीक. पण एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा किंवा पिवळट चमकला तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, सुटलेला पडदा असू शकतो, किंवा रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या पडद्याचा कर्करोग. भारतात दरवर्षी अशी दीड ते दोन हजार मुलं आढळतात, जवळजवळ सगळी पाच वर्षांच्या आतली. वेळेत आलं तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात यावर उपचार होतात.

अमेरिकेत टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा कर्करोग निघाला. निदानानंतर त्यांनी घरातले हजारो फोटो उपसले, तेव्हा मुलगा अवघा बारा दिवसांचा असतानाच्या फोटोत ती पांढरी चमक होती. कुणालाही तिचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांनी पुढं मोबाइलमधले फोटो तपासून अशी चमक शोधणारं 'क्रेडल' नावाचं अॅप तयार केलं. हे वाचल्यापासून मला वाटतं की बाळाचा एखादा फोटो फ्लॅश लावून मुद्दाम काढावा.

मग कुठल्या उजेडाला भ्यायचं? लेझरला. २०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकीनंतर नाशिकमध्ये पडद्याला इजा झालेले तरुण डोळ्यांच्या डॉक्टरांकडं आले, ती बातमी तुम्ही वाचली असेल. लेझरचा झोत पसरत नाही. तो जसाच्या तसा डोळ्यात शिरतो आणि पडद्यावर एका ठिपक्यात एकवटतो. मिरवणुकीतल्या डीजेच्या गाडीवरचे फिरते झोत असोत की जत्रेत मिळणारा हिरवा पॉइंटर, बाळाला त्यांच्यासमोर उभं धरू नका. तुम्हीही त्यांच्याकडं बघू नका. मोबाइलची बॅटरी बाळाच्या डोळ्याला लावून गंमत करणंही नको. आणि हे लिहायलाच हवं: काजळ गालावर, कपाळावर, तळपायाला लावा, डोळ्यांत घालू नका. बाजारच्या काजळात शिसं आढळलं आहे आणि बोटावरून डोळ्यात जंतू जातात. पणजीबाईंना माझा निरोप म्हणून सांगा.

राहिलेले फोटो काढून घ्या. फोटोग्राफरला म्हणावं, मीटरभर तरी लांब राहा, मोठा फ्लॅश बाळाच्या तोंडाजवळ आणू नका, फ्लॅशचं तोंड पांढऱ्या भिंतीकडं वळवा म्हणजे उजेड उलटून मऊ होऊन येईल. कौलारू घरात छत काळपट असतं, तिथं पांढरी चादर धरली तरी चालते. सगळ्यांत उत्तम म्हणजे बाळाला दाराशी नेऊन फ्लॅश बंद करून फोटो काढणं. घोटीच्या पावसाळ्यात ढगांतून येणारा उजेड सगळीकडून सारखा पडतो, त्यात बाळाच्या चेहऱ्यावर कडक सावल्या येत नाहीत. बाळाला फिट येत असतील तर फ्लॅशबद्दल एकदा त्याच्या डॉक्टरांना विचारा. झोपेत असलेल्या बाळाला फ्लॅशनं उठवू नका.

आणि एक फोटो मात्र फ्लॅशचा. खोलीत उजेड कमी ठेवा, बाळ जागं आणि सरळ कॅमेऱ्याकडं बघत असू द्या, लाल डोळे घालवणारी मोबाइलमधली सोय बंद करा. नंतर दोन्ही बाहुल्या मोठ्या करून पाहा. एखाद्याच फोटोत एक डोळा पांढरट दिसला तर लगेच काळजाचं पाणी होऊ देऊ नका. बाळाची नजर जराशी बाजूला असेल तर पडद्यावरच्या पांढुरक्या नसेच्या टोकावरूनही उजेड उलटतो. पुन्हा दोन-तीन फोटो काढा. तसंच दिसलं, किंवा दोन डोळ्यांचा रंग सारखा वेगळा येत राहिला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्या. जाताना मूळ फोटो मोबाइलमध्येच राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला फोटो लहान होतो आणि नेमका बाहुलीतला रंग त्यात नीट दिसत नाही.